कापसासाठी टाकलेले रूळ

कसाऱ्याला गाडी थांबली की डब्यातले नेहमीचे प्रवासी बोलता बोलता थबकतात. मागून एक दणका येतो, पेल्यातला चहा हिंदकळतो आणि कुणीतरी सहज म्हणते, "लागला बँकर." गाडीच्या शेपटीला जोडलेली ही जादा इंजिने पुढच्या इंजिनाला हातभार लावत गाडी इगतपुरीपर्यंत ढकलत नेतात, तिथे सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी परत खाली उतरतात. ३७ फूट पुढे जाताना १ फूट वर, असा हा थळ घाटाचा चढ आहे. माणसाला तो फारसा जाणवणार नाही, पण लोखंडी चाकाला लोखंडी रुळावर तो जड जातो. लहानपणी आम्ही भावंडे या घाटातले बोगदे मोजायचो आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा यायचा. हा लोहमार्ग मुळात कशासाठी बांधला आणि आम्ही त्यावरून कसे जाऊ लागलो, हे फार उशिरा वाचायला मिळाले. तेव्हापासून त्या दणक्याबरोबर मला कापसाचे गठ्ठे आठवतात.

नाशिकला रेल्वे मिळाली ती माळशेज घाटामुळे, किंवा खरे सांगायचे तर माळशेजने नकार दिल्यामुळे. १८४०च्या दशकात मुंबईहून देशावर लोहमार्ग नेण्याची चर्चा सुरू झाली. त्या वेळी जॉर्ज क्लार्क या इंजिनिअरने केलेल्या पाहणीत सह्याद्री चढण्यासाठी माळशेजचे नाव पुढे आले होते. एकच घाट चढायचा आणि वर गेल्यावर फाटे फोडायचे, असा तो बेत. तो तडीस गेला असता तर गाडी जुन्नरच्या अंगाने वर आली असती आणि नाशिक बाजूला राहिले असते. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत जीआयपीचा, मुख्य इंजिनिअर म्हणून जेम्स बर्कली आला. त्याने आणि त्याच्या माणसांनी डोंगर पुन्हा पालथे घातले, कड्यांची मोजमापे घेतली आणि माळशेज सोडून दिला. एका घाटाऐवजी दोन घाट ठरले: पुण्याकडे जायला भोर आणि खानदेश-वऱ्हाडाकडे जायला थळ.

वऱ्हाडाकडे जायचे ते कापसासाठी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, त्याची वर्णने आपण शाळेपासून वाचतो. चौदा डबे, चारशे पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने. पण तो समारंभ झाला. लंडनच्या भागधारकांचे आणि मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचे लक्ष ठाण्यावर नव्हते. त्याच वर्षी त्याच महिन्यात गव्हर्नर जनरल डलहौसीने जे टिपण लिहिले, त्यात सैन्याच्या हालचालींबरोबर इंग्लंडला हव्या असलेल्या कापसाचाही विचार होता. भागधारकांनी घातलेल्या भांडवलावर सरकारने ५ टक्के व्याजाची हमी दिली होती. गाडी तोट्यात गेली तर ती तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघणार होती. म्हणजे वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला पोचवण्याची जोखीम ज्या शेतकऱ्याने सारा भरला त्याच्याच डोक्यावर होती. हे त्याला कुणी विचारले नव्हते.

तोवर हा माल येत होता बैलांच्या पाठीवरून. वऱ्हाड-खानदेशातून लमाण-वंजाऱ्यांचे तांडे आणि गाडीवान आग्रा रोडने, चांदवड आणि नाशिकवरून, थळ घाट उतरून कोकणात यायचे. वाटेत धूळ, पावसाने गाठले तर चिखल, आणि घाटात एखादा बैल कोसळला तर मागची सगळी रांग थांबायची. मुंबईला पोचेपर्यंत कापसाचा रंग बदललेला असायचा. हा व्यापार मंद होता, पण त्यावर शेकडो तांडे, मुक्कामाची गावे, धर्मशाळा, नालबंद आणि वैरणवाले जगत होते.

लोहमार्ग कल्याणहून पुढे सरकत १८६१च्या पहिल्या दिवशी कसाऱ्याला आला आणि डोंगराच्या पायाशी थांबला. डोंगरावर मात्र काम थांबले नव्हते. त्याच १८६१ साली इगतपुरीहून नाशिक आणि तिथून चाळीसगावपर्यंत गाड्या धावूही लागल्या. खाली एक रेल्वे, वर दुसरी रेल्वे आणि मधे सव्वानऊ मैलांचा घाट अपुरा, अशी चार वर्षे गेली. मला या चार वर्षांचे फार कुतूहल आहे. मुंबईहून आलेला उतारू कसाऱ्याला उतरायचा, बोचकी गाडीत टाकायचा, बैलांच्या चालीने घाट चढायचा आणि इगतपुरीला पुन्हा आगगाडीत बसायचा. वरच्या मार्गाचे रूळ, चाके आणि इंजिनेसुद्धा आधी त्याच जुन्या रस्त्याने चढली असणार, कारण दुसरी वाटच नव्हती. बैलाचे पोट ज्या रेल्वेने मारले, तिला डोंगरावर ओढून नेले ते त्याच बैलाने.

घाटाचे काम वाइथ्स आणि जॅक्सन या ठेकेदारांकडे होते. चढण ९७२ फुटांची. १३ बोगदे, ६ उंच पूल, १५ लहान पूल आणि पाण्याला वाट द्यायला ६० वर मोऱ्या. एहेगावच्या दरीवरचा पूल तळापासून सुमारे १८० फूट उंच. खडक सह्याद्रीचा काळा बेसाल्ट. आत सुरुंग ठासायचा, बत्ती द्यायची, पळायचे, धूर निवला की मलबा उपसायचा. वडार गाढवांवर माती वाहायचे, पाथरवट दगड घडवायचे, आणि आसपासच्या तालुक्यांतले कोळी, महार, कुणबी पाटी-फावड्याला असायचे. बायका पाट्या वाहायच्या, पोरे पाणी आणायची. पावसाळ्यात काम बंद पडायचे, कारण थळच्या पावसात उभेही राहवत नाही. आणि उन्हाळ्यात पाणी आटले की झोपड्यांच्या वस्तीत पटकी शिरायची. भोर घाटावर एका वेळी ४०,००० वर माणसे कामाला होती आणि तिथे पटकीने व अपघातांनी हजारो मेली. थळचे काम त्याहून लहान, पण मरण त्याच जातीचे. बर्कलीही हे पुरे झालेले पाहू शकला नाही. १८६२ साली तो वयाच्या ४२व्या वर्षी वारला. त्याच्या नावाची स्मारके झाली. सुरुंगाच्या दगडाखाली सापडलेल्या बेलदाराचे नाव घाटात कुठेच कोरलेले नाही.

एवढी खडी चढण एकाच दमात घेता येईना म्हणून मधे उलटणीचे स्टेशन केले होते. गाडी एका कड्यावर सपाट तुकड्यात जाऊन थांबायची, इंजिन पुढून सुटून मागे लागायचे, सांधेवाला सांधा पालटायचा आणि मघाशी जी शेपूट होती ती तोंड होऊन गाडी उलट दिशेने वर निघायची. उतारावर ब्रेक सुटलेली गाडी अडवायला बाजूला चढाचे आडरूळ होते. सांधा त्या आडरुळाकडेच लावलेला असे. गाडी ताब्यात आहे अशी खात्री झाली तरच मुख्य मार्गाकडे फिरवायचा. पुढे नवी आखणी झाली आणि ते उलटणीचे स्टेशन गेले.

१ जानेवारी १८६५ रोजी थळ घाट खुला झाला आणि मुंबई-भुसावळ अखंड जोडले गेले. मुहूर्त मात्र अवघड निघाला. अमेरिकेत १८६१पासून यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळत नव्हता आणि हिंदी कापसाला सोन्याचा भाव आला होता. मुंबईत शेअर बाजाराला ऊत आला, समुद्र भरून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, नाशिक-खानदेशातल्या शेतकऱ्यानेही बाजरीच्या रानात कापूस पेरला. घाट खुला झाल्यानंतर तीनच महिन्यांनी, एप्रिल १८६५ मध्ये, अमेरिकेतले युद्ध संपले. भाव कोसळले, मुंबईच्या पेढ्या बुडाल्या. ज्या मालासाठी हा डोंगर फोडला, त्याचे दर पडले ते नेमके वाघिणी भरू लागल्यावर. तरीही मार्ग थांबला नाही. १८६७ साली तो नागपूरला पोचला आणि १८७०त जबलपूरला दुसऱ्या कंपनीच्या रुळांना मिळून मुंबई-कलकत्ता जोडले गेले.

आता नाशिक शहराचे पाहू. नकाशावर बोट ठेवून बघावे: इगतपुरीहून निघालेला मार्ग घोटी, अस्वली, लहवित, देवळालीवरून येतो, शहराच्या आग्नेयेला स्टेशन ठेवतो, ओढा स्टेशनाच्या पुढे गोदावरी ओलांडतो आणि निफाड-लासलगावकडे निघून जातो. रामकुंड, पंचवटी, तांबट आळी, सराफ बाजार, सगळे पाचेक मैलांवर. ज्यांना वऱ्हाड गाठायचे होते त्यांना गंगेच्या घाटाशी कर्तव्य नव्हते. ते पाच मैल मला फार बोलके वाटतात. पुढे नाशिक शहर ज्या दिशेने पसरले, नाशिक रोड नावाचे दुसरे गाव उभे राहिले, दोन्ही गावांची तऱ्हा वेगळी झाली, ते सगळे या अंतरातून निघाले. एक गाव नदीकाठचे, दुसरे रुळाकाठचे.

यात्रेकरू या पाच मैलांनी अडला नाही. आडव्या बोचक्यावर बसून, तिसऱ्या वर्गाच्या डब्यात उभ्याने, तो आला. सिंहस्थाला पायी किंवा बैलगाडीने महिना घालवून येणारा माणूस आता दोन दिवसांत येऊ लागला. कंपन्यांना सुरुवातीला वाटले होते की हिंदू माणूस जातपात सोडून एका बाकावर बसणार नाही, आणि बसला तरी भाडे देणार नाही. झाले उलटेच. मालासाठी आखलेल्या मार्गावर तिसऱ्या वर्गाच्या उतारूंनी गर्दी केली, आणि पहिल्या वर्गाच्या गाद्यांपेक्षा त्यांच्या आण्या-पैशांतून कंपनीची उतारूंची कमाई भरू लागली. सोय मात्र सगळी गादीवाल्यांची.

स्टेशनपासून गावात जायला टांगे होते. मधे बरेचसे रान. १८८९ साली त्यावर उपाय निघाला, नाशिकची घोड्यांची ट्राम. अडीच फूट रुंदीचे रूळ, दोन डबे आणि चार घोडे. मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून निघून ती स्टेशनला पोचायची. या कामाचा सल्लागार इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. पूर्वी जीआयपीतच नोकरीला असलेल्या या माणसाने अरुंद रुळांची स्वस्त रेल्वे हा ध्यास घेतला होता. हाच पुढे बार्शी लाइट रेल्वेचा कर्ता म्हणून नावाजला. बार्शीचे रूळही अडीच फुटांचेच. पंढरीच्या वारकऱ्यांना पुढे ज्या गाडीने नेले, तिच्या मापाचे रूळ त्याने आधी नाशिकच्या रस्त्यावर पाहिले होते. नंतर ट्रामचे घोडे गेले, पेट्रोलचे इंजिन आले. प्लेग, दुष्काळ आणि मोटारी यांच्यापुढे तिचा हिशेब जुळेना आणि १९३०च्या दशकाच्या आरंभी ती बंद पडली. शहरातल्या रस्त्यात आज तिची खूण शोधूनही सापडत नाही. मला याचे वाईट वाटते. स्टेशन ते पंचवटी हा प्रवास आजही ज्याला सामानासकट करावा लागतो, त्याला विचारा.

देवळालीला रेल्वेने लष्कर आणले. मायदेशी जाणारे गोरे सोल्जर इथल्या छावणीत बोटीची वाट पाहत महिनोन् महिने पडून राहायचे. उकाडा, कंटाळा आणि तापाने कित्येकांची डोकी फिरली. इंग्रजीत वेडसर माणसाला 'डूलॅली' म्हणतात तो शब्द देवळालीचाच. नाशिक रोडला १९२०च्या दशकात सरकारी छापखाना आला, आधी तिकिटे-मुद्रांक आणि १९२८पासून नोटा. रुळाकाठच्या गावाला कायमचा पगार मिळाला.

पण रेल्वेचे खरे गाव पाहायचे तर मनमाडला उतरावे. गाडी लासलगाव सोडते, चांदवडच्या डोंगररांगेवर 'समिट' नावाच्या छोट्या स्टेशनातून जाते आणि उतरताना डावी-उजवीकडे सुळके दिसू लागतात. मग अंकाई-टंकाईची जोडी आणि अंगठा वर केल्यासारखी हडबीची शेंडी. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग खुला झाला. तो बांधला गेला १८७६-७८च्या दुष्काळात. उपाशी माणसे दुष्काळी कामावर मातीचे भराव घालत होती आणि त्याच काळात दक्षिणेकडे धान्य रुळांवरूनच जात होते. पुढे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या हद्दीतून हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची मीटर गेज आली आणि मनमाडला दोन मापांचे रूळ समोरासमोर आले. मराठवाड्यातला कापूस, ज्वारी, सरकी अरुंद वाघिणीतून उतरायची, हमालांच्या पाठीवरून फलाट ओलांडायची आणि रुंद वाघिणीत चढायची. प्रत्येक पोते, दोन्हीकडे. मनमाडच्या मालधक्क्यावर कित्येक पिढ्यांच्या पाठी झिजल्या त्या या सव्वादोन फुटांच्या फरकाने. १९९०च्या दशकात मीटर गेज उखडून रुंद रूळ पडले तेव्हा कुठे तो फरक संपला. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या वेळी हेच जंक्शन निजामाच्या हद्दीबाहेरचे कार्यकर्त्यांचे ठाणे झाले. ज्या रुळांनी पोती आली, त्याच रुळांनी माणसेही आली.

याच मनमाडला १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जीआयपी रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. नाशिक जिल्ह्याला ते परके नव्हते. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३०त इथेच दादासाहेब गायकवाडांच्या पुढाकाराने सुरू झाला होता. धर्मांतराची घोषणा १९३५त येवल्यात झाली होती, आणि येवलाही दौंड-मनमाड मार्गावरचेच स्टेशन. मनमाडला त्यांनी कामगारांसमोर जे मांडले ते आजही वाचताना अंगावर येते. कामगाराचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असे त्यांनी सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे एका जातीची माणसे नव्हेत. स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारण्याची ती वृत्ती आहे आणि ती सगळ्या थरांत शिरली आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले. आणि मग त्यांनी रेल्वेतलेच उदाहरण दिले. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला पोर्टर का करत नाहीत? कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामेही करावी लागतात, आणि अस्पृश्याला स्टेशनमास्तर घरात घेत नाही.

हे वाचल्यावर घाट वेगळा दिसतो. रुळाला जात नाही असे आपण म्हणतो, आणि डब्यापुरते ते खरेही ठरले. सोवळ्यातला माणूस आणि विटाळ मानला गेलेला माणूस एकाच बाकावर बसले, ते एरवी शतकभर बसले नसते. पण डबा ज्या रुळावर चालतो, त्या रुळाची खडी ठोकणाऱ्याला फलाटावर बढती मिळत नव्हती. घाट फोडणाऱ्यांची नातवंडे त्याच घाटात हातोडा घेऊन फिरत होती.

वाफेचे इंजिन थळमधून हटायला सुरुवात झाली ती १९३०ला. कल्याण ते इगतपुरी विजेच्या तारा ओढल्या गेल्या आणि स्विस आराखड्याची लांब नाकाची इंजिने घाटात आली. लोकांनी त्यांना 'खेकडा' नाव दिले. बोगद्यात धुराने गुदमरणाऱ्या फायरमनला त्या खेकड्याने सोडवले, हे त्याचे मोठे पुण्य. नंतर इगतपुरीच्या पुढे वेगळ्या दाबाची वीज आली. मग प्रत्येक गाडीला तिथे इंजिन बदलावे लागे, आणि त्या थांब्यावर इगतपुरीचा वडा उभा राहिला. धुक्यात, पावसाच्या सरीत, खिडकीतून आत येणारा कागदात बांधलेला गरम वडा आणि तळलेली मिरची. आता वीज एकच झाली, थांबा तोकडा झाला, आणि टोपल्या घेऊन धावणाऱ्यांच्या हाती मिनिटे कमी राहिली.

कापूस या मार्गावरून कधीच मागे पडला. १९७५ला पंचवटी एक्सप्रेस सुरू झाली आणि पहाटे उठून मुंबईला नोकरीला जाणारे, रात्री घरी परतणारे मनमाड-निफाड-नाशिक रोडचे पासधारक या रुळांचे मालक झाल्यासारखे वागू लागले. ते योग्यच आहे. लासलगावचा कांदा आणि निफाडची द्राक्षे वाघिणींत चढली. ७ ऑगस्ट २०२० रोजी, टाळेबंदीच्या दिवसांत, देशातली पहिली किसान रेल देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला निघाली. ज्या जिल्ह्याला ओलांडून दुसऱ्यांचा माल न्यायला हे रूळ आले, त्या जिल्ह्याचा माल भरून गाडी उलट दिशेने, बंदराला पाठ करून गेली.

घाट मात्र अजून माणसाच्या पायांवरच चालतो. पावसाळ्यात थळमध्ये रात्रीची गस्त असते. अंगावर रेनकोट, हातात कंदिलाऐवजी आता बॅटरी, खांद्याला झोळी, झोळीत लाल झेंडा आणि धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे फटाके. प्रत्येक गस्तवाल्याचा रुळाचा तुकडा ठरलेला. दरड सरकली का, मोरी तुंबली का, रुळाखालची खडी वाहून गेली का, हे पाहत तो तुकड्याच्या टोकाला पोचतो. पलीकडून दुसरा आलेला असतो. दोघे आपल्या गस्तीच्या वह्या अदलाबदल करतात, कारण वही बदलली म्हणजे दोघांनीही पूर्ण तुकडा चालल्याचा पुरावा झाला. मग भर पावसात दोघे दोन दिशांना वळतात, आणि कसाऱ्याहून बँकर लागलेली गाडी वर येऊ लागते.